दहा किलोची ढेप

राजारामपुरीतल्या आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात लहान मुलांचा वजनकाटा खिडकीपाशी ठेवलेला असतो. वर निळा प्लॅस्टिकचा ट्रे, त्यात एक मऊ फडकं आणि समोर लाल आकडे. मी दोन गल्ल्या पलीकडं एका क्लासमध्ये गणित शिकवते. आकड्यांना मी घाबरत नाही, उलट दहावीची पोरं मला घाबरतात. पण त्या लाल आकड्यांपुढं लेकीला घेऊन उभं राहायला मी घाबरायची. वजन तिचं आणि निकाल माझा, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

लेक जन्मली तेव्हा चांगली बाळसेदार होती. माझ्या अंगावर पीत होती तोवर काही तक्रार नव्हती. सात-आठ महिन्यांची झाल्यावर वरचं दूध सुरू केलं आणि तिथनं सगळं बिघडत गेलं. दूध पोटात गेलं की ओकारी, मग जुलाब, मग गालावर आणि मानेवर लाल चट्टे. कुणी म्हणालं दात येताहेत, कुणी म्हणालं पोटात इन्फेक्शन. औषधं झाली, दृष्ट काढून झाली, एका मावशीच्या सांगण्यावरून वावडिंगाचं पाणी झालं. शेवटी या डॉक्टरांनी छडा लावला. हिला दुधातलं प्रोटीन सोसत नाही, म्हणाले. म्हशीचं नाही, गाईचं नाही, दही, तूप, खवा, बिस्कीट काहीच नाही. पुढं दोन-तीन महिन्यांनी गव्हाचंही तेच निघालं. मोठी होईल तसं सोसायला लागेल, घाबरू नका, असं ते म्हणाले. डॉक्टरांनी घाबरू नका म्हटलं की माणूस खरं घाबरतो.

आता हे कोल्हापुरात कुणाला पटवून सांगायचं? इथं लोक संध्याकाळी चौकात जाऊन म्हशीपुढं उभे राहतात आणि धारोष्ण दुधाचा पेला तोंडाला लावतात. त्यात माझं सासर गारगोटी रस्त्यावरच्या एका गावातलं. गोठ्यात चार म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांचा सगळा जन्म धारा काढण्यात गेला. तीन पोरं त्यांनी त्याच दुधावर वाढवली आणि तिन्ही दारात मावायची नाहीत अशी झाली. त्यातला धाकटा माझा नवरा. फौंड्रीत सुपरवायझर आहे. तिथं भट्टीच्या आवाजावर आवाज चढवून बोलतो, पण आईला काही सांगायची वेळ आली की त्याला एकदम गोठ्यात काम आठवतं.

त्या दिवशीही आठवलं. म्हणून आत्यांना मीच सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, काय बंद करायचं, का करायचं, सगळं. त्या चुलीपाशी बसून ऐकत होत्या. मग त्यांनी एकच विचारलं.

"आमच्या म्हशीचंबी चालत न्हाय?"

नाही म्हणताना मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना. आणि मला काही बघवेनासं झालं की मी रागावते, ही माझी जुनी खोड. मी तिथल्या तिथं फर्मानं काढली. धार काढून आल्यावर तशाच हातांनी पोरीला घ्यायचं नाही. कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे. लुगड्यावर दूध उडालेलं असतं, तेव्हा लुगडं बदलायचं. चहाचा घोट नाही, बशीतला तर नाहीच. पेढा दाखवायचासुद्धा नाही. सुनेनं सासूशी बोलायची ही तऱ्हा नव्हे, हे बोलतानाच कळत होतं, पण थांबले नाही.

आणि आत्यांनी ते सगळं पाळलं. मी बघितलंय. धार काढून यायच्या, दूध डेअरीला द्यायच्या, मोरीवर जाऊन खसाखसा हात धुवायच्या, आतल्या खोलीत जाऊन दुसरं लुगडं नेसायच्या आणि मग हात पुढं करून म्हणायच्या, ये गं माझे बाय. दिवसातनं दोनदा. एकदा नात्यातल्या एका बाईनं कौतुकानं पोरीच्या ओठाला पेढा लावला, तर आत्यांनी तिच्या हातावर फटका मारला. त्या बाई अजून आमच्याकडं जेवायला येत नाहीत.

तरी माझा संशय जाईना. पोरगी गावी दोन दिवस राहिली की मी फोनवर उलटतपासणी घ्यायची. काय दिलं, कुणी दिलं, किती वाजता दिलं, हात धुतले होते का. वजन वाढत नव्हतं ना. मग दोष कुणाचा तरी असायला पाहिजे होता, आणि तो माझा सोडून कुणाचाही चालला असता.

वजन काही वाढायचं नाही. म्हणजे वाढायचं, पण किती? कधी शंभर ग्रॅम, कधी पन्नास, एखाद्या महिन्यात काटा जिथल्या तिथं. मी काय कमी करत होते? नाचणीची पेज, मऊ भात, मुगाचं वरण, वर शेंगतेलाचा चमचा, शेंगदाण्याचं कूट, केळं, उकडलेलं अंडं. डॉक्टरांनी दिलेली दुधाऐवजीची पावडर दिवसातनं दोनदा, तिचा वास असा उग्र की मलाच मळमळायचं. एकेक जेवण तासभर चालायचं. गॅलरीत कावळे दाखवून झाले, खालची रिक्षा दाखवून झाली, मग माझा संयम सुटायचा. गिळ की गं एकदाची, म्हणून मी ओरडायची. एकदा तर गाल दाबून घास आत ढकलला. तिनं तो गिळला, आणि मग माझ्याकडं बघत बघत सगळं जेवण ओकून टाकलं. त्या दिवशी मी फरशी पुसत रडले आणि ती माझ्या पाठीवर थोपटत होती. दीड वर्षाची पोर.

लोकांची तोंडं तर काय बंद होत नाहीत. भाजी मंडईत अनोळखी बाया विचारायच्या, हिला घरात काय खायला घालता का न्हाय? एकीनं म्हटलं, वाऱ्यानं उडून जाईल की हो पोरगी. मी म्हटलं, दोरी बांधलीय, काळजी करू नका. तोंडावर असं फटकन बोलून यायचं आणि घरी येऊन पोरीची हाडं चाचपत बसायचं. खाल्लेलं अंगाला लागत नाही असं आपल्याकडं किती सहज म्हणतात. माझ्या कानाला ते वाक्य, ही घालत नाही नीट, असं ऐकू यायचं.

नवसाचं आता सांगायला पाहिजे. पोरगी नऊ-दहा महिन्यांची असताना एकदा जुलाबानं अगदी मलूल झाली, तेव्हा आत्या गावातल्या देवळात जाऊन बोलून आल्या होत्या. पोर बाळसं धरू दे, तिच्या वजनाएवढा गूळ तुझ्या दारात वाटीन. आमच्याकडं गूळतुलेची ही रीत नवी नाही. तराजूच्या एका पारड्यात पोर, दुसऱ्यात गूळ, आणि तो गूळ मग गावाला वाटायचा. थोरल्या दिरांच्या मुलाची तुला झाली तेव्हा तो वर्षाचा होता. दहा किलोची अख्खी ढेप ठेवली, तरी पोराचं पारडं खालीच. वर आणखी गूळ टाकावा लागला. भावकीत अजून त्याचं कौतुक चालतं. म्हणून आत्यांनी मनात धरलं होतं की नातीच्या वेळेलाही निदान अख्खी ढेप लागू दे, मग करू. असं करत दहा किलो हा आमच्या घरातला आकडा झाला. डॉक्टर फक्त त्यांच्या तक्त्यावरची रेघ बघायचे, ती वर चढते का एवढंच. आम्ही सगळे ढेप बघत होतो.

आणि मग ती फेब्रुवारीतली सकाळ. थंडी होती. पोरगी पावणेदोन वर्षांची झाली होती. तो महिना मी जिवाचं रान केलं होतं. क्लासच्या दोन बॅच दुसऱ्या मॅडमना दिल्या होत्या, तिच्या मागं दिवसभर वाटी घेऊन फिरत होते. दवाखान्यात निघताना तिनं बाटलीभर पावडरचं पाणी गटागटा प्यायलं. अंगात जाड स्वेटर, खाली जीन्स, पायांत बूट, डायपर सकाळपासूनचा. दरवेळी सिस्टर म्हणतात, कपडे काढा, आणि दरवेळी मी काढते. त्या दिवशी बाहेर ही गर्दी होती, सिस्टरना घाई होती. त्यांनी म्हटलं कपडे काढा, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, सर्दी झालीय, आज राहू दे.

सर्दी झाली नव्हती.

सिस्टरनी बरं म्हटलं. लाल आकडे थरथरले आणि थांबले. नऊ किलो सहाशे. आता मी गणिताची बाई आहे. बूट किती, जीन्स किती, स्वेटर, डायपर आणि पोटातलं बाटलीभर पाणी किती, ही बेरीज माझ्या डोक्यात आपोआप झाली. अर्धा किलो सहज. ती बेरीज मी पुसून टाकली. परीक्षेत कॉपी करणारं पोर तोंडावर कसा निष्पाप भाव आणतं, ते मी रोज बघते. तसंच तोंड करून मी आत डॉक्टरांसमोर बसले.

डॉक्टरांनी आकडा बघितला आणि म्हणाले, "अरे वा. छान."

वर्षभर मी या एका शब्दासाठी तडफडत होते. छान. पुढं ते म्हणाले की या वेळी पावडर वाढवायचा विचार होता, पण वजन चांगलं चाललंय तर आहे तसंच चालू ठेवा. मी मान डोलावली. मला एवढंच ऐकू आलं की मी पास झाले.

बाहेर येऊन नवऱ्याला आकडा पाठवला. त्यानं लगेच तो फॅमिली ग्रुपवर टाकला. अंगठे आले, फुलं आली, हात जोडलेली चित्रं आली. दिरांनी आत्यांना वाचून दाखवलं, तसा आत्यांचा फोन आला. त्यांच्या आवाजात इतका आनंद मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. दहाला किती राहिलं, चारशे ना, ते काय, शेंगदाणे खाऊनच होईल, असं म्हणाल्या. त्याच आठवड्यात त्यांनी गुऱ्हाळावर सांगून दहा किलोची ढेप आणवली. गुऱ्हाळं बंद व्हायच्या आधी चांगला पिवळाधमक गूळ मिळतो ना. ती पांढऱ्या फडक्यात बांधून, पाण्याच्या परातीत पाट टाकून त्यावर ठेवली, मुंग्या लागू नयेत म्हणून. ढेपेचा फोटोही ग्रुपवर आला. मी त्याच्यावर अंगठा दिला.

मार्चमध्ये ऊन तापलं. पुढच्या तारखेला पोरीच्या अंगात पातळ झबलं होतं आणि काट्यापाशी दुसऱ्या सिस्टर होत्या, शिस्तीच्या. त्यांनी झबलंही काढायला लावलं. नऊ किलो शंभर. सिस्टरनी पोरगी उचलून परत ठेवली. तेच. डॉक्टर स्वतः उठून आले, त्यांनी पुन्हा वजन केलं. तेच.

मग प्रश्न सुरू झाले. जुलाब झाले का, ताप आला का, काही नवीन खाल्लं का, दूध कुणी दिलं का. नाही, नाही, नाही. ते विचारात पडले. अशा मुलीचं महिन्यात अर्धा किलो उतरणं बरं नाही, म्हणाले. दोन दिवस ठेवून घेऊ, रक्त तपासू. माझा नवरा शेजारी उभा होता. फौंड्रीतून रजा काढून आला होता. त्याचं तोंड एकदम उतरलं. त्याच क्षणी मला सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. डॉक्टर, ते मागचं वजन कपड्यांसकट होतं. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, आणि मी ते गिळलं. पास झालेली बाई नापास कशी व्हायची?

वॉर्डमध्ये पोरीला पलंगावर निजवलं. सुई टोचायला शीर सापडेना. उजव्या हातावर बघितलं, नाही. डाव्या हातावर टोचलं, रक्त आलं नाही. मग पायावर. तिचे दोन्ही हात मी धरले होते. मलाच धरायला सांगितलं होतं त्यांनी, आई धरा म्हणून. ती सुईकडं बघत नव्हती, सिस्टरकडं बघत नव्हती. ती माझ्याकडं बघून ओरडत होती. हे हिनं का चालू दिलंय, एवढाच प्रश्न होता तिच्या डोळ्यांत. आणि त्याचं उत्तर त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

रक्त घेऊन झाल्यावर मी पोरीला नवऱ्याकडं दिलं आणि बाहेर आले. डॉक्टर व्हरांड्यात होते. मी त्यांना सांगितलं. मागच्या महिन्याचं वजन खोटं होतं, सर्दी नव्हती, मीच कपडे काढू दिले नाहीत. मला वाटलं ओरडतील. ओरडायला पाहिजे होतं त्यांनी.

"ताई, तो काटा तुम्हाला मार्क देत नाही," ते म्हणाले. "मी त्याच्यावरनं तिचं खाणं ठरवतो."

मग म्हणाले की याचा अर्थ वजन उतरलेलं नाही, पण सगळा महिना ते वाढलेलंही नाही. पावडर मी मागच्याच वेळी वाढवणार होतो. एवढं बोलून ते दुसऱ्या पेशंटकडं गेले. सगळा महिना. ज्या महिन्यात मी छान होते, त्या महिन्यात माझी पोर अर्धपोटी होती, माझ्यामुळं.

दुसऱ्या दिवशी आम्हाला घरी सोडलं. रिपोर्ट ठीक होते. पावडर वाढवली, तेल वाढवलं, तीन वेळांच्या पाच वेळा केल्या. स्कूटरवर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. घराखाली गाडी लावताना तो एवढंच म्हणाला, मला तरी सांगायचंस. मी म्हटलं, तू ग्रुपवर टाकलं असतंस. हे तिथं म्हणायचं काही कारण नव्हतं. चूक आपली असली की आपली जीभ जास्तच चालते.

ग्रुपवर मात्र कुणीच काही दुरुस्त केलं नाही. गावात पोरगी नऊ-सहाशेच राहिली. तिकडं ढेप फडक्यात, आणि आत्यांचा दर चार दिवसांनी फोन. तुला कधी करायची? मी म्हणायची परीक्षा चालल्यात, मी म्हणायची ऊन फार आहे, पोरीला उष्णता होईल. मेमध्ये क्लासला सुट्टी लागली आणि माझी कारणं संपली. त्या आठवड्यात दवाखान्याच्या काट्यावर, अंगावर धागा न ठेवता, आकडा होता नऊ किलो चारशे. खऱ्या हिशोबानं ती वाढली होती. गावच्या हिशोबानं घटली होती. आता हे कुणाला समजावून सांगायचं?

गावी गेल्यावर संध्याकाळी मी गोठ्यात गेले. आत्या धार काढत होत्या. धार काढताना त्या वर बघत नाहीत, म्हणून मी तीच वेळ धरली. म्हशीच्या पलीकडं उभी राहून सगळं सांगितलं. स्वेटर, बूट, खोटी सर्दी, सुया. चरवीतला धारेचा आवाज चालूच होता, एका लयीत. मी बोलायची थांबले तरी चालूच.

"मग आता किती हाय पोर?"

मी सांगितलं.

"मग ह्यात लपवायचं काय हुतं? देवाला ठावं न्हाय व्हय, पोर केवढी हाय त्ये?"

त्यांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली, चरवी उचलली, आणि उठताना पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"तुज्या एका शब्दावर मी दोन-दोन लुगडी बदलत बसले," म्हणाल्या. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. दूध ठेवून आल्या, मोरीवर जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत. आत गेल्या, लुगडं बदललं. मग पोरीला कडेवर घेतलं आणि दिराला हाक मारून सांगितलं की रविवारी तुला करायची, गुरवाला निरोप दे. मी हळूच म्हटलं, ढेप दहाची आहे, आत्या. त्या म्हणाल्या, ठाऊक हाय मला. जेवढी पोर हाय तेवढी. मला त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रविवारी सकाळी देवळापुढं भावकी जमली. गुरवानं मंडपाच्या तुळईला मोठा तराजू टांगला होता. एका बाजूला वेताची पाटी, दुसऱ्या बाजूला लोखंडी पारडं. पोरीला नवं परकर-पोलकं, पायांत चांदीचे वाळे, कमरेला आत्यांच्या माहेरची जुनी साखळी. मी तिला पाटीत ठेवायच्या आधी वाळे काढले. साखळी काढली. एक काकू म्हणाल्या, राहू दे की, देवाला चार दाणे जास्त गेले तर बिघडलं काय? सगळ्या हसल्या. खरंच काही बिघडलं नसतं. पण माझे हात थांबेनात. मी डायपरही काढला.

"काढू दे तिला," आत्या म्हणाल्या.

दिरांनी ढेप पारड्यात ठेवली. मी पोरीला पाटीत बसवलं आणि हात सोडले. पाटी सरसर वर गेली, ढेपेचं पारडं जमिनीला टेकलं. बारकी पोरं खिदळली. अगं बाई, हवेतच की पोर, असं कुणीतरी म्हणालं. ग्रुपवर नऊ-सहाशेला फुलं देणारे सगळे तिथं होते, आणि सगळे बघत होते. जमीन दुभंगून आत घ्यावं असं वाटलं. आणि पोरगी? ती पाटीत झोका घेत होती, खुशाल हसत होती. दोन वर्षांत कुणी तिला तराजूवर बसवून असा झोका दिला नव्हता.

आत्यांनी घरून आणलेला खलबत्त्यातला बत्ता माझ्यापुढं धरला. "फोड," म्हणाल्या.

मी खाली बसले आणि ढेपेच्या कडेवर बत्ता हाणला. पहिल्यांदा नुसता चुरा पडला. दुसऱ्यांदा कोपरा निघाला. तो उचलून पायरीवरच्या ताटात ठेवला. पारडं हललं नाही. आणखी एक तुकडा, तरी नाही. जेवढा गूळ ताटात जमत होता, तेवढी माझी लेक कमी होती, आणि ते मी माझ्या हातानं फोडून सगळ्यांना दाखवत होते. गुरव एवढंच म्हणायचा, अजून जरा. अजून जरा. मग पारडं जमिनीवरनं सुटलं, पाटी हळूहळू खाली आली आणि दोन्ही समोरासमोर येऊन डुलायला लागली.

पाटी पायरीशेजारी आली होती. तिथंच ते ताट. कुणाचं लक्ष नाही असं बघून पोरीनं हात लांबवला आणि आवळ्याएवढा एक गुळाचा खडा उचलला. पाटी थोडी झुकली.

"वैनी, पोरीच्या हातात खडा हाय," गुरव म्हणाला. "त्यो काढून घ्या, मग काटा धरतो."

माझा हात पुढं गेला. सवयच ती. सव्वा वर्ष मी तिच्या मुठीतनं बिस्किटं, टोस्ट, पेढे, चपातीचे तुकडे काढून घेतले होते, एकेक बोट उलगडून. आधी ती आकांत करायची. कधी थांबली ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्या दिवशी माझा हात दिसल्याबरोबर तिनं मूठ स्वतःच उघडली आणि खडा माझ्यापुढं धरला. रडली नाही, कुरकुरली नाही. हे आपलं नसतं, हे आईला द्यायचं असतं, इतकं तिला पक्कं ठाऊक झालं होतं.

गूळ तिला चालतो. नाचणीत रोज घालते मी. नुसता गूळ होता तो.

मी तिची मूठ परत मिटवली. "खा," म्हटलं. तिला खरं वाटेना. ती माझ्याकडं बघत राहिली, मग आत्यांकडं बघितलं, आणि पुन्हा माझ्याकडं. मी पुन्हा म्हटलं, खा बाळा. तेव्हा तिनं तो खडा तोंडात कोंबला. एक गाल फुगला, हनुवटीवरनं गुळाची लाळ गळायला लागली.

गुरव तराजूची साखळी धरून उभाच होता. आता ह्याचं वजन कसं धरायचं म्हणाला.

"तिच्यातच धरा," मी म्हटलं. "तिनं खाल्लाय तो."

आत्या पुढं आल्या. ताटातनं त्यांनी आवळ्याएवढा दुसरा एक खडा शोधून काढला आणि देवाच्या पारड्यात टाकला.